स्तनाच्या ऑपरेशननंतर छाती आवळलेली राहते, रात्री श्वास खाली उतरत नाही. शिथिलीकरणाचा खरंच उपयोग होतो का?

डिचोलीची_शिक्षिका

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तन पूर्ण काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. ड्रेनची नळी निघाली, टाके सुकले. सर्जन म्हणतात जखम छान भरतेय.

त्रास वेगळाच आहे. ओला पंचा पिळून छातीभोवती करकचून बांधावा तसं डावीकडून पाठीपर्यंत वाटत राहतं. दंडाच्या आतल्या बाजूला मधूनच आग होते आणि त्याच जागी हात लावला तर कळत नाही. दिवसा शेजारीपाजारी, फोन, घरातलं बारीकसारीक यात वेळ जातो. रात्रीची जेवणं झाली की सगळं अंगावर येतं. उताणं झोपायची सवय नाही, डाव्या कुशीवर होता येत नाही, उजव्या कुशीवर झाले की डावा हात कुठं ठेवायचा तेच कळत नाही. श्वास गळ्याशी येऊन परत फिरतो. दुखण्याची गोळी चालू आहे, पण ही ओढ तिनं जात नाही, आणि मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत हे मला माहीत आहे.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'रिलॅक्सेशन करावे' एवढं एकच वाक्य आहे. नणंदेनं मोबाईलवर योगनिद्रेची ध्वनिफीत पाठवली. आवाज गोड आहे. पण 'आता लक्ष छातीकडे न्या' म्हटलं की मी डोळे उघडते. तिथं मला जाताच येत नाही.

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी नेमकं काय केलं? कुठं बसून, दिवसातून केव्हा, किती वेळ? हात खांद्याच्या वर जात नसताना काय जमतं? आणि हे फक्त मनाचं समाधान आहे की दुखण्यावर खरंच फरक पडतो? 'सकारात्मक राहा' असं कृपया लिहू नका. ते ऐकून झालंय.

सुषमा_वास्को

ताई, माझ्या आईला दंडाची आग अगदी अशीच व्हायची. काखेतल्या गाठी काढताना तिथून जाणारी एक नस कापली जाते किंवा ताणली जाते. दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेची संवेदना तिच्यावर अवलंबून असते, म्हणून बधिरपणा आणि आग दोन्ही एकाच जागी. साध्या वेदनाशामकानं ही आग फारशी कमी होत नाही. नसेच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन वगैरे. त्या तुम्हाला चालतील की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना नुसतं 'दुखतं' असं सांगू नका. 'आग होते, मुंग्या येतात, बधिर आहे' असं सांगा. आईनं तसं सांगितल्यावर औषध बदललं. शिथिलीकरणाबद्दल मला अनुभव नाही, जाणकार सांगतीलच.

कवळ्याची_मावशी

बाय, तू लिहिलंयस ते नीट वाचलं. मी इथल्याच एका इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डात नर्स होते. निवृत्त झाल्यावर माझं स्वतःचं हेच ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं. त्यामुळे खाटेजवळ उभं राहूनही हे पाहिलंय आणि खाटेवर पडूनही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फरक पडतो, पण कशावर पडतो ते समजून घे, नाहीतर चार दिवसांत सोडून देशील. नसेची आग श्वासानं विझत नाही, त्यासाठी वर सुषमानं लिहिलंय तसं डॉक्टरांशी बोल. जखमही त्यानं लवकर भरत नाही. सैल होते ती जखमेभोवतीची राखण. अंगाला इजा झाली की शरीर त्या जागेला जपतं. खांदा कानाकडे उचलला जातो आणि पुढे वळतो, छातीचा मोठा स्नायू आखडतो, फासळ्या हलत नाहीत, म्हणून श्वास वरच्या वर राहतो. सुरुवातीला हे चांगल्यासाठीच असतं. पण टाके सुकले तरी शरीराला ते कुणी सांगत नाही. ते आखडूनच राहतं आणि मग आखडणंच दुखायला लागतं. छाती आवळल्यासारखी वाटते त्यात बराच वाटा याचा असणार. ही राखण हुकूम करून उठत नाही, रोज थोडं थोडं पटवून द्यावं लागतं.

आता वेळ. रात्री दुखणं चढल्यावर सुरुवात करू नकोस, चढलेल्या दुखण्यात अंग नवीन काही शिकत नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बस, गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास झालेला असेल असं बघ. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, पण रोज आणि एकाच जागी. मी आमच्या घरापुढच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, आरामखुर्चीत बसत असे, कारण सपाट पडलं की छाती ओढली जायची आणि बसल्यावर नाही. शवासन जमिनीवरच व्हायला पाहिजे असा काही नियम नाही.

पाठीला आधार घे, पाय जमिनीला पूर्ण टेकव. एक उशी डाव्या कुशीला लावून कोपराखाली घे, दुसरी मनगटाखाली. हात छातीच्या उंचीला राहिला पाहिजे आणि कोपर किंचित पुढे. कोपर मागे पडलं की व्रण ताणतो. उशी अशी पाहिजे की हाताचं सगळं वजन तिच्यावर टाकता येईल. वॉर्डात मी बायकांचा हात उशीवर ठेवायची आणि हळूच उशी थोडी खाली दाबायची. बऱ्याच जणींचा हात तसाच वर, हवेत राहायचा. बाई म्हणायची मी सैल सोडलाय, आणि खांदा मात्र पूर्ण कामाला लागलेला. तुझ्या घरातल्या कुणाला तरी हे करून बघायला सांग. हात उशीबरोबर खाली गेला की समज तो खरंच सुटला. आणि समोर बटणं असलेला सैल, सुती गाऊन घाल. सध्या पावसात कपडे दमट राहतात, दमट कापड व्रणाला लागलं की लक्ष दुसरीकडे जातच नाही.

श्वासाचं असं. उजवा तळवा बेंबीच्या खाली ठेव. छाती फुगवायला जाऊ नकोस, सध्या ती दुखणारच. नाकानं सावकाश श्वास घे, चार मोजेपर्यंत तळव्याखालचं पोट वर येऊ दे. मग सहा मोजत सोड. आकडे जमले नाहीत तर तीन आणि चार कर. सोडणं घेण्यापेक्षा लांब, एवढं सांभाळलंस की झालं. सोडताना खांदा आपोआप उतरतो, त्याला ओढून खाली आणू नकोस. गरगरलं तर जोर लागतोय असं समज, थांब, साधा श्वास घे.

मग पायापासून वर ये. पायाची बोटं पाच मोजेपर्यंत आवळ, सोड, आणि सोडल्यावर पंधरा-वीस मोजेपर्यंत काहीही करू नकोस. खरं काम त्या रिकाम्या वेळात होतं. मग पोटऱ्या, मांड्या, उजवी मूठ, उजवा दंड, कपाळ, डोळे. जबड्यावर थोडी जास्त थांब. दात एकमेकांवर रोवलेले असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. जीभ टाळूवरून सुटली की गळाही सुटतो. डाव्या बाजूचं मात्र काहीही आवळायचं नाही. छाती, काख, दंड नुसते जड होऊ द्यायचे.

आणि छातीकडे जायलाच पाहिजे असं कुणी ठरवलंय? ध्वनिफितीतली बाई छाती म्हणाली की तू उजव्या पायाच्या अंगठ्यावरच थांब. मी तर पोटापर्यंत यायची आणि तिथून सरळ मानेवर जायची. छातीला बाहेरूनच वळसा. पुढे केव्हा तरी लक्ष आपोआप तिथून गेलं आणि काही बिघडलं नाही. तुझंही जाईल, किंवा नाही जाणार. दोन्ही चालतं. ध्वनिफीत नकोशी वाटली तर बंद कर आणि घरातल्या माणसाकडून तुझ्या सोयीचं वाचून घे, तुझ्या आवडत्या आवाजात.

शेवटची काही मिनिटं मनानं एका जागी जायचं. ध्वनिफितींत बहुतेक समुद्रकिनारा असतो, पण माझं मन तिथं रमत नाही. माझं माहेर सावई वेऱ्याचं, घराच्या मागं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. मी पाटाच्या कडेनं अनवाणी चालते. पोफळीवर मिरीचा वेल चढलाय, त्याचं एक पान चुरगळून नाकाशी धरते. पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घातलाय, तो मी पायानं थोडा फोडते आणि पाणी दुसऱ्या सरीकडे वळतं. घोट्याला गार लागतं, बोटांमधून चिखल वर येतो. असं बारीक बारीक आठवायचं. नुसतं 'कुळागर' म्हणून भागत नाही, त्यातल्या एकेका वस्तूला हात लावावा लागतो, म्हणजे मन दुखण्याकडे पळत नाही. तुझी जागा मयेचं तळं असेल, नाहीतर शाळेतला तुझा वर्ग. आपली ओळखीची असली म्हणजे झालं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे सगळं संपलं की उठून जाऊ नकोस. लगेच, अंग सैल आहे तोवर, फिजिओनं दिलेले हाताचे व्यायाम कर. मूठ उघडझाप, खांदे मागच्या बाजूला फिरवणं, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढणं. जिथंपर्यंत बोटं जातात तिथं पेन्सिलीनं खूण कर. आखडलेल्या अंगानं व्यायाम केला की दुखतं, दुखलं की माणूस सोडतो, सोडलं की खांदा धरतो. कितीतरी बायका मी या फेऱ्यात अडकलेल्या पाहिल्या. सैल झाल्यावर तोच हात थोडा तरी वर जातो, आणि न दुखता जातो. शिथिलीकरणानं झोप लागते हे आहेच, पण मला त्याची खरी किंमत इथं कळली.

झोपताना उजव्या कुशीवर हो आणि छातीसमोर लांब, भरीव उशी घेऊन डावा हात तिच्यावर पूर्ण टाक. पाठीमागेही एक उशी लाव, म्हणजे झोपेत उताणी पडून दचकणार नाहीस.

योगसाधक_पर्वरी

शिक्षिकाताई, रोज सकाळी कपालभाती आणि भस्त्रिका सुरू करा. फुप्फुसं मोकळी होतात, श्वास अडकण्याचा प्रश्नच राहत नाही. माझ्या अनुभवात याच्यासारखं दुसरं काही नाही. सोबत भ्रामरीही करा.

कवळ्याची_मावशी

भाऊ, भ्रामरीला माझा पूर्ण पाठिंबा. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि कंप गळ्या-चेहऱ्यात जाणवतो, छातीला ताण पडत नाही. फक्त कानाशी हात न्यायचा अट्टहास नको, हात उशीवरच राहू देत.

कपालभाती आणि भस्त्रिका मात्र आत्ता नाही. त्यात पोट आणि फासळ्या झटक्यानं हलतात. नुकत्या भरलेल्या व्रणाला आणि आधीच आखडलेल्या स्नायूंना ते झटके कशाला? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी योगाचा मोठा अभ्यास झाला. तिथल्या डॉक्टरांनी, फिजिओंनी आणि योगशिक्षकांनी मिळून जो क्रम बसवला त्यात सौम्य आसनं, मध्ये मध्ये विश्रांती आणि प्राणायाम होता, तोही उपचाराच्या टप्प्याप्रमाणे. योग चांगलाच आहे. पण ऑपरेशन झालेल्या बाईचा योग वेगळा आणि निरोगी माणसाचा वेगळा. पुढे सर्जननं मोकळीक दिली की बाकीचं बघता येईल.

फिजिओ_मडगाव

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मावशींनी इतकं नेमकं लिहिलंय की मी फक्त राहिलेल्या गोष्टी सांगते.

आवळून सोडायची ही पद्धत शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांची. त्यांचं यावरचं पुस्तक १९२९ साली आलं. माणसाला आपला स्नायू आखडलाय हे कळत नाही, म्हणून आधी मुद्दाम आवळून फरक दाखवायचा, हे त्यांचं म्हणणं. कॅन्सरच्या दुखण्यावर औषधाशिवायचे कोणते उपाय चालतील यावर अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कल्पनाचित्रासोबत, म्हणजे मावशींच्या कुळागरासारखं मनानं एका जागी जाण्यासोबत, हे शिथिलीकरण रुग्णाला सुचवता येईल असं म्हटलंय, पण पुरावा अजून भक्कम नाही हेही स्पष्ट लिहिलंय. मी रुग्णांना तसंच सांगते. गोळीच्या जोडीला करा, गोळीच्या जागी नको.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. पावसात शेक घ्यावासा वाटतो, आणि घरचे प्रेमानं पिशवी भरून आणून देतात. काखेत आणि दंडाच्या आत चटका बसलेला कळत नाही. फोड आल्यावरच समजतं. आणि गाठी काढलेल्या हाताला भाजलं की संसर्गाची आणि सूज येण्याची भीती जास्त. बर्फही तिथं थेट नको.

हात वर करताना काखेतून कोपराकडे त्वचेखाली ताणलेली दोरी दिसते का बघा. काखेच्या ऑपरेशननंतर कित्येक जणींना ती येते. घाबरण्यासारखं नाही, पण शिथिलीकरणानं ती जाणार नाही. फिजिओला दाखवा, हलक्या हातानं ताणून ती सुटत जाते. तेल लावून हात रगडून देणाऱ्या बाईकडे अजिबात जाऊ नका. बांगडी किंवा अंगठी घट्ट व्हायला लागली, व्रणाभोवती लाली आली, ताप आला, पाणी साठून फुगवटा आला तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर तिथं श्वास मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ शकते, तिची ही लक्षणं.

तीन महिन्यांनंतरही दुखणं तसंच राहिलं तर 'आता असंच असायचं' म्हणून सोसू नका. ऑपरेशननंतर रेंगाळणाऱ्या या दुखण्याची डॉक्टरांना ओळख असते, त्यावर वेगळे उपचार आहेत. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जिथं तुमचे उपचार चालू आहेत तिथं विचारा.

म्हापशेकार

ताई, मी पुरुष, इथं लिहावं की नाही असा विचार करत होतो. माझ्या बायकोचं हे ऑपरेशन झालं, म्हणून लिहितो, कारण घरच्या माणसानं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ती श्वासाचा सराव करायची तेव्हा मोजायचं काम माझं. स्वतः मोजायला लागली की तिचं लक्ष आकड्यांत अडकायचं. मी तिच्या उजव्या बाजूला बसायचो आणि हळू आवाजात आकडे म्हणायचो. तिच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळवा ठेवायचो, दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. रोज आधी विचारायचो, हात ठेवू का? काही दिवशी ती नको म्हणायची. मग नाही ठेवायचा. तिच्या अंगाला इतक्या लोकांनी, इतक्या वेळा हात लावलेला असतो की विचारणं हाच तिला मोठा आराम वाटायचा, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

दुसरं म्हणजे, ती वेळ राखायची. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला माणसं संध्याकाळीच येतात. येणाऱ्यांना मी बाहेर बसवून चहा द्यायचो आणि ती अर्ध्या तासानं येईल असं सांगायचो. कुणालाही वाईट वाटलं नाही.

गाडीनं जाताना सीट बेल्टखाली लहान मऊ उशी घ्या. तुमची डावी बाजू आहे, म्हणजे पुढच्या सीटवर बसलात तर बेल्ट नेमका त्याच खांद्यावरून येईल. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसा, तिथं तो उजव्या खांद्यावरून येतो. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत हे फार कामी आलं. खड्डा दिसला की मी आधी सांगायचो आणि ती श्वास सोडायची, म्हणजे अंग आवळून धक्का खायला नको.

डिचोलीची_शिक्षिका

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. काही दिवस करून बघूनच उत्तर द्यायचं ठरवलं होतं.

उशीची परीक्षा मुलीनं घेतली. उशी खाली गेली आणि माझा हात हवेत. मी पूर्ण सैल आहे असं तिला सांगत होते त्याच क्षणी. ते बघितल्यावर मावशी काय म्हणतात ते कळलं. आता संध्याकाळी बसते. छातीभोवतीचं आवळणं पूर्ण गेलेलं नाही, पण सराव झाल्यावर तासभर तरी ढिलं पडतं, आणि त्या तासात झोपायला गेले तर झोप लागते. मधे जाग येतेच. भिंतीवरची खूण वर सरकतेय. दंडाची आग डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगितली, त्यांनी रात्रीची एक गोळी दिलीय, तिचा गुण यायला वेळ लागेल म्हणाले. गरम पिशवी आमच्याकडे खरोखरच रोज भरली जात होती, ती बंद केली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जबडा सुटला की मला रडू येतं. दुःख असं काही मनात नसताना येतं, आणि मुलगी घाबरते. हे बरोबर आहे का? दुसरं, रेडिएशनच्या आधी मोजमापासाठी बोलावलंय. दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून स्थिर पडून राहायचं आहे, आणि डावी बाजू असल्यामुळे श्वास रोखून धरायलाही सांगतील म्हणे. हात तेवढा वेळ वर राहील का याची मला आतापासून धास्ती वाटते. श्वासाचं ऐकून तर जास्तच.

कवळ्याची_मावशी

रडू येऊ दे. निदान झाल्यापासून तू धावपळीत होतीस, तपासण्या, ऑपरेशन, शाळेची रजा, घर. दात आवळूनच हे सगळं पार पडतं. ते सुटल्यावर मागचं बाहेर येणारच. मुलीला आधीच सांगून ठेव की मी रडले तर तू काही करायचं नाहीस, नुसती बस. बहुतेक जणींचं रडू थोड्या वेळात ओसरतं आणि नंतर हलकं वाटतं. पण दिवसभर मन उदास राहायला लागलं, जेवण जाईना, कशातच रस वाटेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर तुझ्या डॉक्टरांना सांग, समुपदेशकाची भेट माग. सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, तिथं कुठल्याही वेळी बोलता येतं. डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढतोच असं दिसलं तर डोळे उघडे ठेवून कर, समोरच्या एखाद्या झाडाकडे बघत.

रेडिएशनबद्दल. हात वर लागतो तो काखेची आणि छातीची बाजू मोकळी राहावी म्हणून. घरी आत्तापासून तयारी कर. संध्याकाळचा सराव आणि भिंतीचा व्यायाम झाला की खाटेवर उताणी पड, डोक्याच्या वरच्या बाजूला दोन-तीन उशा रच आणि हात त्यांच्यावर टेकव, दुखायच्या आधी जिथं थांबेल तिथं. दर थोड्या दिवसांनी एक उशी कमी कर. तसंच पडून श्वास सोडत राहा. मशीनच्या टेबलावरही हाताखाली आधार असतो, हात हवेत धरायचा नसतो. खांदा अजून तेवढा वर जात नसेल तर तिथल्या लोकांना आधीच सांग, ते फिजिओकडे पाठवतात किंवा आधार बदलून बघतात.

श्वास रोखण्याचं कारण तुझ्या भल्याचं आहे. खोल श्वास घेतला की छाती फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं, म्हणजे डाव्या बाजूच्या किरणांचा त्याला कमी त्रास. सगळ्यांनाच तसं करायला सांगत नाहीत, तुला सांगितलं तर ते साधारण वीस सेकंदांचं एकेक असतं, आणि तिथं आधी सराव करून घेतात. आत्ता घरी स्वतःच्या मनानं रोखायला लागू नकोस. तुझं पोटाचं चार-सहा चालू ठेव, श्वास खाली उतरायला लागला की रोखणं जड जात नाही.

मोजमापाच्या दिवशी दुखण्याची गोळी आधी घेऊन चालेल का ते डॉक्टरांना विचार. मुलीला सोबत ने, आणि समोर उघडणारा कपडा घाल. आणि टेबलावर पडल्यावर तिथल्या माणसांना सांग, कुठं हात लावणार ते आधी बोला आणि मग लावा. वॉर्डात ज्या बायका हे मागायच्या, त्यांचं मी नेहमी ऐकलं. तेही ऐकतील.